गवतातल्या किड्याचा बडग्या

मी चौथी पास आहे. पाचवीत आठ दिवस बसलो होतो, पण गुरुजींनी माझ्या बापाविषयी एक वाकडा शब्द काढला आणि मी पाटी तिथंच ठेवून घरी आलो. मागाहून गुरुजी स्वतः घरी आले, चहा पिऊन गेले. बापाची समजूत पटली, माझी पटली नाही. ही गोष्ट मी म्हातारपणापर्यंत फुशारकीनं सांगत आलो. ऐकणारे हसायचे, मला बरं वाटायचं. मागच्या पावसाळ्यापासून मी ती सांगणं बंद केलं आहे. का बंद केलं ते लिहितो. मला कोणी लिहायला सांगितलेलं नाही.

नागपुरात विद्यापीठाच्या पोरांचं एक वसतिगृह आहे, तिथं मी माळी. कागदावर रिटायर झालो त्याला बरीच वर्षं झाली. पण माझ्या जागी जो आला तो मशीननं गवत भादरायचा आणि शेवंतीची रोपं तण म्हणून उपटायचा. शेवटी वॉर्डन साहेबांनी मला परत बोलावलं. हे मी पन्नास जणांना सांगितलं असेल. वसतिगृहाच्या मागे टिनाचं एक शेड आहे. कापलेलं गवत मी तिथं रचून ठेवतो आणि जरीपटक्याकडचा एक म्हशीवाला आठ-पंधरा दिवसांनी येऊन ते घेऊन जातो. पावसाळ्यात तो येत नाही, म्हशींना तेव्हा बाहेरच हिरवं मिळतं. मग ढीग वाढत जातो. त्यात उंदीर होतात. होऊ देत, म्हणायचो मी. उंदीर कुठं नाहीत?

श्रावणात एक मुलगी हातात कागदांचा गठ्ठा घेऊन आली. विद्यापीठातच एमएस्सी करत होती. पायात बूट, आणि पॅन्टचे पाय मोज्यात खोवलेले. मी पायरीवर बसून विळ्याला धार लावत होतो.

"काय वं पोरी," मी म्हटलं, "पाण्यात उतरून राहिली का?"

"नाही काका, गवतात."

पोरं हसली. ती पण हसली. बोलायला मोकळी होती, त्यामुळे पहिल्यांदा मला ती आवडलीच. तिचं काम असं होतं की आपल्याकडे एक नवा ताप येऊन राहिला आहे, तर कॉलेजात शिकणाऱ्या पोरांना त्याची किती माहिती आहे ते बघायचं. त्यासाठी फॉर्म. हा ताप ऐकला आहे का? कशानं होतो? डासानं, पाण्यानं, हवेनं, की गवतातल्या बारीक किड्यानं? एकावर खूण करायची. नाव लिहायचं नाही. फॉर्म भरून झाले की ती एक चित्र दाखवून समजावून सांगणार होती.

बीएस्सी, बीकॉम, कोणी एमए करणारी पंचवीस-तीस पोरं व्हरांड्यात बसली. कोणालाच काही येत नव्हतं. एक म्हणे डास, ताप म्हटला की डासच. दुसरा म्हणे, अबे चारही पर्याय सारखेच दिसतात, तिसरा मार, नेहमी तिसराच असते. मी धार लावता लावता ऐकत होतो. मला मजा वाटत होती. इतकी शिकलेली पोरं, आणि अंदाजे खुणा मारून राहिली.

त्यांच्यात भंडाऱ्याकडचा, धानाच्या गावचा एक पोरगा होता. अंगानं किरकोळ, बोलणं कमी. रविवारी माझ्याबरोबर झाडांना आळी करायला यायचा, मातीत हात घातला की घरी असल्यासारखं वाटतं म्हणायचा. त्यानं हळूच विचारलं, "ताई, गवतातला किडाच ना? आमच्या गावात एका बाईले झाला होता. बांधावरचं गवत कापत होती."

"तू लिही तुला वाटते ते," ती म्हणाली. "मी आत्ता सांगू नाही शकत."

इथं मी मध्ये तोंड घातलं. घालायचं काही कारण नव्हतं. पण गवत म्हटलं की ते माझं. "अरे ए," मी म्हटलं, "गवतानं ताप येत असता तर मी कधीचा मेलो असतो ना गा? चाळीस वर्षं झाली, गवतात हात घालून राहिलो. मले काहून नाही आला?"

सगळे हसले. तो पोरगाही हसला, आणि माझ्याकडे बघत त्यानं फॉर्मवरची खूण खोडली. डासावर केली. ते मी बघितलं. मला बरंच वाटलं.

मुलीनं नंतर चित्र दाखवलं. काळी खपली, भोवती लाल कडं, बिडीचा चटका बसल्यासारखी. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून माणसाचं लक्ष जात नाही, ती सांगत होती. बगलेत, जांघेत, कमरेला, कपडा घट्ट बसतो तिथं. किडा डोळ्याला दिसत नाही इतका बारीक. उंदरांच्या अंगावर वाढतो, गवतातून माणसावर चढतो. आठ-दहा दिवसांनी ताप. लवकर कळलं तर साध्या गोळ्यांनी बरा होतो. उशीर झाला तर फुप्फुस, किडनी, सगळं धरतं. मग तिनं शेडकडे बोट केलं.

"काका, तो ढीग तेवढा काढून टाका ना."

"तुया बापाचं शेड हाय का?"

असं म्हणालो मी. पोरांसमोर. तिचा चेहरा उतरला. कागद गोळा केले आणि "येतो काका" म्हणून गेली. पोरीच्या जातीला असं बोलू नये एवढं मला कळतं. पण परत हाक मारली नाही.

गोष्ट तिथंच थांबली असती तरी चाललं असतं. पण पोळा जवळ आला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात रोगराई घेऊन जाणारी मारबत, म्हणजे बाईचा मोठा पुतळा, निघते, तिच्यासंगं बडगे निघतात. बडग्या म्हणजे पुतळा. वर्षभरात ज्यानं लोकांना छळलं त्याचा बडग्या करायचा, वाजवत गाजवत न्यायचा आणि शेवटी जाळायचा. कधी महागाईचा, कधी पुढाऱ्याचा. वसतिगृहाची पोरं दरवर्षी एक करतात. यंदा कशाचा करायचा यावर वाद चालला होता. मी म्हटलं, "त्या पोरीच्या किड्याचाच करा ना."

सगळ्यांना पटलं. शेडसमोर चार दिवस काम चाललं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा मी बांधून दिला, माझा हात चांगला आहे. वरून पुठ्ठा आणि काळा रंग. पाय किती द्यायचे यावर भांडण झालं, कारण कोणालाच माहीत नव्हतं. मी म्हटलं आठ द्या, शोभून दिसते. पोटात भरायला काय घ्यावं? माझ्याच ढिगातलं गवत. खालचं, वाळलेलं, जिथं उंदरांची बिळं होती तिथलं. भंडाऱ्याच्या पोरानं कवळेच्या कवळे उपसून आणले. उकाडा होता, अंगात नुसती बनियन. गवत दाबून भरायला तो स्वतः सांगाड्यात शिरला आणि आतून मुंडकं काढून म्हणाला, "काका, मीच किडा झालो."

"शोभते," मी म्हटलं. "तसाही तुया आवाज कोणाले येत नाही."

गळ्यात पाटी लावली, गवताचा ताप घेऊन जाय गे मारबत. मिरवणुकीत तोच बडग्याच्या खाली होता, खांद्यावर घेऊन. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. ईडा पीडा रोगराई घेऊन जा, असं लोक ओरडत होते. मीही ओरडलो. त्या मुलीनं बघायला पाहिजे होतं, असं मला त्या वेळी मनापासून वाटलं.

गणपती उठायच्या बेतात होते तेव्हा त्याला ताप भरला. दोन दिवस खोलीतच पडून होता. तिसऱ्या दिवशी सकाळी शेडकडे आला आणि माझ्याजवळ ओट्यावर बसला. डोळे लाल, डोकं धरलेलं.

"काका, जरा पाहा ना." त्यानं हात वर केला.

बगलेत काळी खपली होती. तुरीच्या दाण्याएवढी. भोवती लाल कडं.

मला लगेच ओळखू आली. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, पण लिहायला बसलो तर लिहिलंच पाहिजे. मला शंका आली असं नाही. मला ओळखू आली. चित्रातली तीच.

"ताईनं दाखवली होती तशीच दिसते ना?" तो म्हणाला.

"काही नाही. गोचीड चावली. बैलाले चावते तशी."

"पण गोचीड चावली तर दिसली असती ना काका. ताई म्हणत होती, दुखत नाही. हे दुखत नाही."

"ताई शिकलेली हाय, पण तिनं किती गोचिड्या पाह्यल्या? चूप बस."

मी तंबाखूच्या डबीतला चुना काढला, मेसमधून गुळाचा खडा आणला, दोन्ही तळहातावर मळले. चुना-गूळ आम्ही कशावरही लावतो. मुका मार लागला, गळू झालं, काटा मोडला. लावल्यावर गरम होतं आणि वाळून दगडासारखं बसतं. मी ते त्या खपलीवर चांगलं जाड थापलं. तो दात आवळून बसला. मी म्हटलं, जळजळ झाली म्हणजे औषध लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं वाळलेला लेप ओढला, तर खपली त्याच्याबरोबर निघून आली. खाली चुन्यानं भाजलेली ओली जखम राहिली. आता ती कशासारखीच दिसत नव्हती.

ताप काही उतरला नाही. मीच त्याला गल्लीतल्या एका डॉक्टरकडे घेऊन गेलो, ऑटोत माझ्या खांद्यावर डोकं टाकून बसला होता. डॉक्टर तरुण, घाई नसलेला, चांगला माणूस होता. त्यानं पोट दाबलं, जीभ पाहिली, हात वर करायला लावला.

"हे काय झालं?"

पोरगा ग्लानीत होता. मी म्हणालो, "चुन्यानं भाजलं."

"चुना कशावर लावला होता?"

"फोडावर."

फोड म्हणालो. खपली म्हणालो असतो, काळी म्हणालो असतो, तर तो थांबला असता असं मला वाटतं. त्यानं मान हलवली, रक्त काढायला सांगितलं, तापाच्या गोळ्या दिल्या. त्याची काहीच चूक नव्हती. त्यानं मला विचारलं होतं.

मी खोटं का बोललो, याचा मी खूप विचार केला आहे. भीती वाटली असती तर समजू शकलो असतो. पण तेव्हा भीती वाटलीच नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर एवढंच होतं की मी खपली म्हणेन, डॉक्टर त्या तापाचं नाव घेईल, पोरं ऐकतील, आणि ती मोजे ओढलेली मुलगी खरी ठरेल. इतकंच. एका पोरीनं खरं ठरू नये म्हणून.

दोन दिवसांनी तो माणसं ओळखेनासा झाला. श्वास धापा टाकल्यासारखा. खोलीतल्या पोरांनी वॉर्डनला सांगितलं, अँब्युलन्स आली, त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. मी फाटक उघडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलगी राहिलेले फॉर्म घ्यायला आली होती, तिला फाटकातच कळलं. ती धावतच माझ्याकडे आली. मी पाइपनं झाडांना पाणी देत होतो. पावसाळ्यात, आदल्या रात्री पाऊस झालेला असताना.

"काका, त्याच्या अंगावर काळा डाग होता का? पोरायले माहीत नाही म्हणते. तुम्ही पाह्यलं का काही?"

"नाही."

"नक्की ना?"

"नाही म्हटलं ना वं."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग पाइपाकडे. पाणी एकाच कुंडीत पडून ती उतू जात होती. ती गाडी काढून गेली.

मी शेडमध्ये जाऊन बसलो. जेवलो नाही. ढिगात उंदीर खसखस करत होते. हे सगळं मला माहीत होतं, सगळ्यांच्या आधी माहीत होतं. त्या पोराला कोणता ताप आहे हे वसतिगृहात खात्रीनं माहीत असलेला त्या घटकेला मी एकटाच होतो, चौथी पास. आणि मी नाही म्हणालो होतो.

दुपारी फाटकावर एक माणूस आला. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण उन्हानं वाळलेला. धोतर गुडघ्यापर्यंत, पायांना चिखल वाळलेला. धानाच्या बांधीतून उठून तसाच बसमध्ये बसला होता. पोराचा बाप. त्याला दवाखाना माहीत नव्हता. वॉर्डन साहेब दवाखान्यातच होते, म्हणून त्याला घेऊन जायचं माझ्यावर आलं.

ऑटोत तो माझ्याकडे वळून बोलायला लागला. थांबलाच नाही, घाबरलेला माणूस बोलतो तसा.

"तुम्हीच ना ते माळीकाका? पोरगा फोनवर सांगे. बाबा, इथं एक काका हाय, तुमच्यासारखेच मातीतले हाय. म्हणून मी बिनघोर होतो. त्याची माय म्हणे, एवढ्या शहरात पोराले कोण पाहीन? मी म्हणो, हाय ना एक माणूस."

मी ऑटोवाल्याच्या पाठीकडे बघत बसलो.

दवाखान्यात पोराच्या नाकाला नळ्या होत्या. बाप नळावर तोंड धुवायला गेला. तेवढ्यात मी वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंजवळ गेलो आणि एका दमात सांगून टाकलं. काळी खपली होती. मी पाहिली. चुना-गूळ लावला, ती निघून गेली. त्या गल्लीतल्या डॉक्टरला मी फोड म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे वर बघितलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "बाबा," त्या म्हणाल्या, "त्या तापाचं औषध आम्ही सकाळीच सुरू केलं. या दिवसात अंदाजानंच सुरू करावं लागते, खूप पेशंट येऊन राहिले. तुमच्या सांगण्यावर थांबलो असतो तर..." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि दुसऱ्या खाटेकडे गेल्या.

म्हणजे मी शेवटी खरं बोललो, पण त्याचा कोणालाही काही उपयोग झाला नाही. चार दिवस आधी सांगितलं असतं तर झाला असता. हे मी बापाला सांगायला पाहिजे होतं. तो नळावरून परत आला, तोंड पुसत. मी त्याला म्हणालो, "औषध सुरू झालं." आणि तो तिथंच फरशीवर बसला, माझ्या पायांजवळ, आणि माझ्या पायाला हात लावला. मी पाय मागे घेतला नाही.

पोरगा वाचला. तीन-चार दिवसांत ताप उतरला, छाती मोकळी व्हायला त्याहून जास्त दिवस लागले. कान मात्र बसले. बरेच आठवडे त्याला ऐकू कमी येत होतं, डॉक्टर म्हणाले हळूहळू येईल. मी भेटायला गेलो तेव्हा ठरवून गेलो होतो की त्याची माफी मागायची. पण हळू बोलायची सोयच नव्हती. "गलती झाली," मी म्हणालो. "काय?" तो म्हणाला. मी जरा मोठ्यानं म्हणालो. "काय काका?" बाजूच्या खाटेवरचे दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "जेवण करतो का बरोबर?"

"हो," तो म्हणाला. 'गलती झाली' हे त्याला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं, असं मला आजही वाटतं.

ढीग मी त्याच आठवड्यात काढला. पायात वॉर्डन साहेबांचे जुने गमबूट घालून, पॅन्टचे पाय आत खोवून. पोरं बघत होती. कोणी हसलं नाही, तेव्हा जास्त लागलं.

मुलगी एकदा आली. तिच्याजवळ त्या दिवशीचा फॉर्म होता. नावं नव्हतीच, पण खूण खोडलेला सगळ्या वसतिगृहात एकच होता. गवतातल्या किड्यासमोरची बरोबर खूण, तिच्यावर दोन आडव्या रेघा, आणि डासासमोर नवी खूण. तिनं तो माझ्यापुढे धरला नाही, गठ्ठ्यात वरच होता म्हणून दिसला. मी विचारलं, "याचं तू काय लिहिणार?"

"चूक म्हणून मोजला जाते काका. काहून खोडलं ते कोणी विचारत नाही."

"त्याले माहीत होतं."

"हो." गठ्ठ्याला दोरी बांधत ती म्हणाली, "पोरं माझं नाही ऐकत. तुमचं ऐकते. पुढच्या पावसाळ्यात माझ्यासंगं चार हॉस्टेलला याल का?"

मी विळ्याला धार लावायला घेतली. त्या दिवशी तिला शेडबद्दल जे बोललो होतो त्याची माफीही मागितली नाही. शब्द तोंडापर्यंत आला होता. वयामुळे तोंडून निघत नाही असं लोक म्हणतात, पण माझ्या तोंडून तो तरणेपणीही निघत नव्हता.

दिवाळीनंतर, धान निघाल्यावर, बाप पोराला परत सोडायला आला. माझ्याकडे शेडमध्ये आला. जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी हातात. उलगडलं तर नवा विळा. गावच्या लोहाराकडून मुद्दाम करून आणलेला, मूठ बाभळीची, अजून धूर लागलेली.

"तुम्हाले दुसरं काय देणार?" तो म्हणाला. "माझा पोरगा तुमच्यापाई उभा हाय."

पोरगा त्याच्या मागे उभा होता. कान एव्हाना सुधारले होते, सगळं ऐकत होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी बोलेन म्हणून त्यानं वाट बघितली असावी. मी विळा हातात घेऊन धारेवर अंगठा फिरवत राहिलो, जसं काही मला फक्त धारच कळते. शेवटी पोरगाच म्हणाला, "हो बाबा. काकानंच डॉक्टरले डागाचं सांगितलं."

ते खोटं नव्हतं, वॉर्डात त्याला कोणीतरी सांगितलं असणार. सांगितलं मीच होतं. वीस वर्षांच्या पोरानं माझ्यासाठी इतक्या जपून निवडलेलं अर्धं खरं मी घेतलं. मी विळा ठेवून घेतला.

तो विळा महिनाभर शेडच्या आढ्याला टांगलेला होता. मी जुन्यानंच काम करत होतो. रोज सकाळी शेडचं दार उघडलं की तो समोर दिसायचा. एक दिवस रविवारी पोरगा आळी करायला आला, अर्थात मोजे ओढून, तेव्हा मी म्हटलं, "तुया बापाले फोन लाव."

"काहून काका?"

"लाव म्हटलं ना गा."

त्यानं लावला आणि मोबाईल मला दिला. बापानं माझा आवाज ओळखला. "इळा कसा चालते?" हेच पहिलं विचारलं.

मी सांगितलं. फॉर्मपासून सांगितलं. बडग्यात माझंच गवत होतं, मीच भरायला लावलं. खपली मला ओळखू आली होती. चुना-गूळ. डॉक्टरला फोड म्हणालो. पोरीनं डागाचं विचारलं, तिला नाही म्हणालो. तुम्ही पायाला हात लावला तेव्हा गप्प राहिलो. ती पोरगी पुढच्या पावसाळ्यात संगं या म्हणाली, तेही सांगितलं. मध्ये मध्ये तो "हो" म्हणत होता, मग म्हणेनासा झाला. तिकडून कोंबड्यांचा आवाज येत होता, म्हणून कळत होतं की फोन चालू आहे.

"पोराले द्या," तो म्हणाला.

मी मोबाईल दिला. पोरगा उठून शेवंतीच्या वाफ्याकडे गेला आणि पाठमोरा उभा राहून बोलत राहिला. बोलण्यापेक्षा ऐकतच होता. मला त्याचं "हो बाबा" तेवढं दोनतीनदा ऐकू आलं, आणि एकदा "नाही, तसं नाही." परत येऊन माझ्याजवळ बसला. तो खुरपं घेऊन आळ्याची माती मोकळी करायला लागला.

दोन आळी झाल्यावर म्हणाला, "बाबा म्हणते, इळा परत पाठवू नका म्हणा. टांगूनबी ठेवू नका. लोखंड गंजते."

"आणखी?"

"आणखी म्हणते, त्या ताईसंगं जा म्हणा."

मी दुसऱ्या दिवशी तो विळा आढ्यावरून काढला आणि कुंपणाकडचं गवत कापायला घेतलं. चांगला चालतो. मूठ हाताला जरा मोठी पडते.